वाढवलेले मणी

"…मग याहून कडक व्रत असेल, ते द्या."

केशवगीर बाबा गाईच्या वैरणीतले काटे वेचत होते. वेचत राहिले.

"बाबा, मी काहीतरी विचारतोय."

"ऐकू आलं."

"आठ वर्षं एकवेळ जेवलो. पहाटेची बैठक चुकवली नाही. अंगावर धार चालू दिली नाही. तरी आता हे असं. माझं कुठे कमी पडलं तेवढं सांगा. मी दुप्पट करतो."

विचारणारे म्हणजे प्राचार्य श्रीरंग देशमाने, निवृत्त. अख्खा तालुका त्यांना सर म्हणायचा. जन्मभर पोरांचे मार्क कापले. आता आपले कुणीतरी कापलेत, आणि ते कोणत्या प्रश्नात, हे त्यांना कळायला हवं होतं.

बाबा एकटेच त्यांना मास्तर म्हणत.

"बस मास्तर. उभ्यानं दम लागतोय तुला."

सर बसले. खरंच दम लागत होता. अंगातला सदरा दुसऱ्या कुणाचा तरी असावा असा लोंबत होता, आणि भर दुपारी, गोठ्यालगतच्या पंखा नसलेल्या खोलीत, त्यांनी गळ्याभोवती उपरणं गुंडाळलं होतं.

बाहेर पत्र्याच्या मंडपात अमावास्येची माणसं बसली होती. सरांची वाट बघत.

वाट का बघत होती, ते आधी सांगायला हवं.

आठ वर्षांपूर्वी सरांच्या मानेत दोन-तीन गाठी आल्या. बोराएवढ्या. त्यातली एक काढून तपासली. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा लिम्फोमा आहे, लसिकाग्रंथींचा कॅन्सर, पण सावकाश चालणारा. आज औषध देऊन काही फायदा नाही. दर तीन-चार महिन्यांनी येऊन दाखवत जा, म्हणजे चाल बदलली तर लगेच धरता येईल.

सरांनी 'आज औषध नाही' एवढं ऐकलं. जन्मभर शिकवलेल्या माणसाला दुसऱ्याचं वाक्य शेवटपर्यंत ऐकायची सवय नसते.

मग ते मठात आले आणि माळ घेतली.

मठाची माळ बाजारात मिळत नाही. बाबा स्वतः काळ्या लोकरीच्या दोऱ्यात लाकडी मणी ओवतात, शिष्याच्या गळ्याच्या मापाने, आणि मागे बांधतात. ती पुन्हा सोडायची नाही. माळ आणि गळा यांच्यामध्ये एक बोट मावलं पाहिजे. दर अमावास्येला बाबा एकेकाच्या माळेखाली बोट घालून बघतात. बोट गेलं की शिष्य पाया पडून उठतो. आणि माळ गळ्यात असेपर्यंत अंगाला धार लावायची नाही. वस्तरा नाही, कात्री नाही, सुरी नाही.

वर्ष गेलं. गाठी तेवढ्याच. आणखी वर्ष गेलं. तेवढ्याच. सरांनी सोलापूरला जाणं सोडलं. पुढे मंडपात माइक आला, आणि दर रविवारी सर त्या माइकवर सांगू लागले.

"डॉक्टर म्हणाले, कॅन्सर. मी म्हणालो, माळ."

मग गळ्याशी हात न्यायचे, माळेखाली बोट घालायचे, आणि सगळ्यांना दिसेल असं वळून वळून दाखवायचे.

"बघा. जातंय."

लोक हात जोडायचे. लांबून लांबून यायचे, आपापली दुखणी घेऊन.

बाबांनी याला कधी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. म्हाताऱ्यांचं हे बरं असतं. पोरगं गप्प बसलं की नापास. ते गप्प बसले की मौन.

"डॉक्टरीण काय म्हनली?" बाबांनी विचारलं.

"ती? पोरगी आहे हो. माझ्या कॉलेजात असती तर…"

"म्हनली काय?"

सरांनी उपरण्याचं टोक चाचपलं.

"मी जाणार नव्हतो. मुलाने गाडीत घालून नेलं. रोज ताप. रात्री अंथरूण पिळून काढावं इतका घाम. पँट कमरेला राहीना. तिने सगळं अंग स्कॅन केलं. म्हणाली, बाकीच्या गाठी जुन्याच चालीने चालल्यात. ही एकच धावतेय."

"मंग?"

"म्हणाली, तुमचा आजार बहुतेक पालटलाय. सावकाशीचा होता, त्यातूनच जलद झालाय. मी विचारलं, म्हणजे बाहेरून नवीन काही आलं का? म्हणाली, बाहेरून कुणी येत नाही. मूळ तेच, वागणं बदललेलं. सगळ्यांचं असं होत नाही. काहींचं होतं. पहिल्याच वर्षी होतं, नाहीतर दहाव्या. आधी सांगता येत नाही, म्हणून तर दाखवायला या म्हणतो."

"तू काय म्हनलास?"

"मी जुना रिपोर्ट पुढे केला. त्यात स्वच्छ लिहिलंय, सावकाश. ती म्हणाली, सर, हा कागद आठ वर्षांपूर्वीच्या गाठीबद्दल खरं सांगतो. आजच्या गाठीची त्याला ओळखच नाही. ही धावणारी गाठ काढून तपासायला हवी. सुईने भागायचं नाही. आणि याच आठवड्यात. पालटला असेल तर औषध जोरकस द्यावं लागेल. लागू पडू शकतं म्हणाली, पण वेळ कमी आहे."

"आनि?"

"आणि काय… धार."

"धार," बाबा म्हणाले.

"मी सांगितलं तिला, माझ्या गळ्यात माळ आहे. सुईपर्यंत ठीक. सुरी चालणार नाही."

सुईची सवलत सरांनी स्वतःच स्वतःला मंजूर केली होती. प्राचार्यांना तेवढे अधिकार असतात.

"मग ती काय म्हणाली ते ऐका. मी तिला आठ वर्षांचं सगळं सांगितलं. बैठक, उपास, माळ. तिने मध्ये तोडलं नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाली, सर, ती आठ वर्षं आजाराच्या स्वभावाची होती."

इथे सरांचा आवाज फाटला. तापाने फाटला नव्हता, घामाने नव्हता. या वाक्याने फाटला.

"माझी आठ वर्षं, बाबा. एका वाक्यात तिने ती आजाराच्या नावावर केली."

बाबा हसले. खोकल्याएवढंच.

"हसताय?"

"तुझ्या नावावर कुनी केली व्हती?"

 माइक त्यांनीच आणला होता.

"हिकडं सरक," बाबा म्हणाले. "अमावास्या हाय. बोट बघू."

"आज राहू द्या."

"मास्तर."

सर सरकले. उपरणं निघालं. मानेच्या डाव्या बाजूला पेरूएवढी गाठ, वरची कातडी ताणून चकाकलेली. माळ तिच्यावरून गेली होती.

बाबांनी बोट घातलं.

बोट गेलं. सहज गेलं.

सरांनी श्वास सोडला. "बघा. अजून जातंय."

बाबांनी बोट काढलं नाही. माळ हळूहळू फिरवत राहिले, एकेक मणी बोटाखालून नेत. मागचे मणी पुढे आले. त्यातले चार रंगाने उजळ होते. बाकीच्यांसारखे घामाने काळे पडलेले नव्हते. त्यांच्यामधला दोराही लोकरीचा नव्हता.

"हे माझं न्हाईत," बाबा म्हणाले.

…

"मास्तर, हे मणी मी ववलेलं न्हाईत."

"बोट जाईना," सर म्हणाले. इतक्या हळू की मंडपातली भांडी जास्त ऐकू येत होती. "एका रविवारी माइकपुढे उभा राहिलो, गळ्याशी हात नेला, आणि बोट जाईना. सगळे बघत होते. मी खोकल्यासारखं केलं. पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या बाजारात बसून माळ वाढवून आणली."

"दवाखान्याच्या गावात."

"हो."

"दवाखान्यात न्हाई गेलास. बाजारात गेलास."

"…हो."

"आनि म्होरल्या रविवारी?"

"गेलं बोट."

"दावलंस?"

"दाखवलं."

"म्होरं कोन बसलं व्हतं?"

 कोण बसलं होतं ते सरांना माहीत होतं.

रेश्मा बसली होती. लग्न होऊन दोन वर्षं झालेली पोरगी. तिचाही लिम्फोमाच, पण तिचा पहिल्यापासूनच धावणारा. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, हा धावतो म्हणून घाबरू नकोस. धावणाऱ्याला औषध नीट लागतं, सगळे डोस पुरे कर, बरी होशील. दोन डोस झाले. गाठ बसली. केस गेले, उलट्यांनी जीव नकोसा झाला. तेव्हा सासऱ्याने तिला मठात आणलं. सरांनी मंडपात सगळ्यांसमोर तिला पुढे बसवलं आणि म्हणाले, पोरी, हे औषध माणूस मोडतं. माझ्याकडे बघ. आणि वाढवलेल्या माळेखाली बोट घालून दाखवलं.

तिसऱ्या डोसला ती गेली नाही. सासऱ्याला बरंच वाटलं. सोलापूरची खेप वाचली, आणि वर पुण्यही. घरातल्या मोठ्यांना दोन्ही एकदम मिळालं की ते विचार करायचं थांबतात.

आज ती बाहेर पहिल्या रांगेत होती. डोक्यावर पदर, पदराखाली रुमाल. गाठ परत आली होती. सरांना विचारायला आली होती, की माळ घ्यायची तर आज घेता येईल का.

"ती बसलीया भाईर," बाबा म्हणाले.

"माहीत आहे."

"तिला काय सांगशील?"

सरांनी एकदम मान वर केली. पेपर तपासणाऱ्या माणसाची नजर परत आली होती.

"एक सांगा, बाबा. हे मणी तुम्हाला आजच दिसले असं नाही."

बाबांचं बोट माळेतून निघालं.

"मागच्या अमावास्येलाही तुम्ही बोट घातलं होतं. असंच. तेव्हा माळ वाढवलेली होती. तुमच्या हाताला कळलं नाही?"

"कळलं."

"मग?"

गाईने मान झटकली. तिच्या गळ्यातली घंटा दोनदा वाजली आणि थांबली.

"बाबा, मग बोलला का नाहीत?"

"मंडप भरला व्हता," बाबा म्हणाले.

…

दोन म्हातारे एकमेकांसमोर बसले होते. एकाने मणी वाढवलेले, दुसऱ्याने ते ओळखून गप्प बसलेलं. मधे एक महिना पडला होता. तो दोघांपैकी कुणाचाच नव्हता. रेश्माचा होता.

सर म्हणाले, "मला व्रत द्या. काहीही द्या. अन्न सोडतो."

"अन्नच सोडून चाललंय तुला."

"मग धारेच्या रीतीतून मोकळीक द्या. तुमची आज्ञा झाली म्हणून सांगता येईल. गुरूने सांगितलं, म्हणून ऑपरेशन केलं. लोक समजून घेतील."

म्हणजे मरायला टेकलेला माणूसही आधी खुलासा तयार करत होता.

"धारेची रीत कुठनं आली, ठावं हाय?" बाबांनी विचारलं.

"देहाला छेद देऊ नये. देह हे…"

"माझ्या गुरूला न्हाव्यानं कापलं व्हतं. हितं, कानाखाली. पिकलं. लय दिवस मान वळंना. चिडून म्हनला, आता मठात कुनी धार लावून घ्यायची न्हाई. समद्यांनी हात जोडलं."

"…एवढंच?"

"एवढंच."

"न्हाव्याने कापलं म्हणून?"

"न्हावी बी चांगला व्हता. गुरूच हललं व्हतं."

सरांच्या तोंडून काहीतरी निघालं. हसू असेल. त्यांनी ते पुरतं बाहेर येऊ दिलं नाही.

"हे तुम्ही मला आठ वर्षांत सांगितलं नाहीत."

"तू इचारलं न्हाईस. तू पाया पडलास."

बाबा उठले. वैरणीच्या भाऱ्यावर विळा होता, तो घेतला. मठात विळा फक्त गवताला लावायचा. बाबांनी स्वतःच्या हाताने तो गवताशिवाय कशाला लावलेला कुणी बघितला नव्हता.

"काय करताय?"

"हलू नको."

"बाबा, माळ तुटली की मठ अंघोळ करतो. माणूस गेल्यासारखी."

"व्हय."

"म्हणजे मी…"

"मठाला मेलास. हलू नको म्हनलं ना. आमचा गुरू असाच हलला."

त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं सरांच्या मानेमागे माळेखाली घातली आणि विळ्याची धार आपल्या बोटांवर टेकवली. बाजारातला दोरा लगेच तुटला असता. त्यांनी तो धरला नाही. आपली लोकर धरली. लोकर तुटेना. घासावी लागली. एकदा विळा सटकून बाबांच्या बोटाला लागला. त्यांनी हात काढला नाही.

मग माळ सुटली. मणी सरांच्या मांडीवर पडले, काही वैरणीत गेले. कुणी वेचले नाहीत.

माळेच्या जागी सरांच्या गळ्याभोवती एक गोरा पट्टा होता. एवढ्या वर्षांत तिथे ऊन लागलं नव्हतं. डाव्या बाजूला तो पट्टा गाठीवर चढून खाली उतरत होता.

सरांचा हात आपोआप उपरण्याकडे गेला. बाबांनी ते आधीच उचललं होतं. त्याच उपरण्याने विळा पुसला, बोटाचं रक्त पुसलं, आणि ते गाईच्या दावणीत टाकलं.

"मी मागच्या दाराने जातो," सर म्हणाले. "मुलाला गाडी तिकडे आणायला सांगतो. आजच ॲडमिट होतो, शब्द देतो. रेश्माला मी घरून फोन करीन. नीट समजावून सांगीन."

"म्होरल्या दारानं."

"बाबा, दोनशे माणसं आहेत तिथे."

"तिला सांगितलंस तवा किती व्हती?"

…

सर भिंतीला धरून उठले. दाराशी गेले आणि थांबले.

"आणि तुमचं? तुम्हाला महिन्यापासून माहीत होतं, हेही मीच सांगू?"

बाबा बोलले नाहीत. नेहमीप्रमाणेच. पण बोट तोंडात धरून मागोमाग चालत आले.

दार उघडलं तशी माणसं उठू लागली. माइकवाल्याने सवयीने माइक पुढे केला. मग त्यानेच तो खाली घेतला. कारण सगळ्यांना दिसलं होतं.

"सर, माळ?" रेश्माचा सासरा म्हणाला.

"तोडली."

"कुनी?"

"बाबांनी." सर पायरीवरच बसले. उभं राहणं जमेना. "रेश्मा, इकडे बघ. ही गाठ बघ. ही दोन-तीन महिन्यांत एवढी झाली. त्या रविवारी मी तुला बोट घालून दाखवलं, तेव्हाच ही वाढत होती. मी बाजारात जाऊन मणी वाढवले होते. माझा आजार सावकाश होता, म्हणून मी इतकी वर्षं जगलो. माळेने नाही. तो आता पालटलाय. आणि तुझा तर सावकाश कधीच नव्हता. दवाखान्यात चल. मी चाललोय. गाडीत जागा आहे."

 मागे एक बाई आपल्या गळ्यातल्या माळेखाली बोट घालून बघू लागली.

"सर, असं आज्याबात बोलू नगासा," सासरा म्हणाला. "तुमचं डोस्कं तापानं…"

"मामा, तुमी गप ऱ्हावा," रेश्मा म्हणाली.

तिने पदर मागे केला. रुमाल सोडला. डोक्यावर पेरभर केस उगवले होते, औषध बंद झाल्यापासूनचे. ती सरांच्या समोर येऊन उभी राहिली.

"मंग औषध सोडल्यालं माझं दोन म्हैनं?"

 जन्मभर प्रश्न विचारलेल्या माणसाचा हात सवयीने गळ्याशी गेला. 

 मग तिने त्यांचा नाद सोडला आणि दारात उभ्या असलेल्या बाबांकडे बघितलं.

"बाबा, तुमी सांगा. उशीर झाला का?"

बाबांनी तोंडातलं बोट काढलं. रक्त अजून येत होतं.

"मला नको इचारू, पोरी. मला इचारत बसलीस, त्योच उशीर."